आधी वारा, मग वाट: मार्सेय-कासीच्या कालांकमधला एक दिवस कसा आखायचा

दक्षिण फ्रान्समध्ये मार्सेय शहर आणि कासी गाव यांच्यामध्ये सुमारे 20 किलोमीटरचा चुनखडीचा किनारा आहे. पांढरे कडे थेट समुद्रात उतरतात. त्यांच्यामध्ये ज्या चिंचोळ्या, खोल खाड्या आत शिरल्या आहेत, त्यांना तिथे 'कालांक' म्हणतात. 2012 पासून हा सगळा भाग राष्ट्रीय उद्यान आहे.

पुण्या-मुंबईहून, लंडनहून, जर्मनीहून येणारे ओळखीचे लोक इथे येतात आणि बहुतेक जण एकच चूक करतात. फोटो पाहून खाडी ठरवतात, त्यावरून हॉटेल आणि गाडीची तिकिटं काढतात, आणि वाट उघडी आहे का हे थेट सकाळी वाटेच्या तोंडाशी पोचल्यावर पाहतात. तिथे पहारेकरी उभा असतो आणि डोंगर बंद असतो. पोरं पोहण्याचे कपडे घालून तयार, आणि दिवस गेला. क्रम उलटा झाला की असं होतं. म्हणून खालचे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत, त्याच क्रमाने करा.

नावांबद्दल एक सूचना. कासी हे गाव इंग्रजी अक्षरांत लिहिलं की शेवटी 'एस' दिसतो, पण तिथले लोक तो उच्चारत नाहीत. बसवाल्याला विचारताना 'कासी'च म्हणा. पोर-मियू, पोर-पँ आणि आँ-वो या तीन खाड्या कासीच्या बाजूला आहेत. स्युजितों, मॉर्जियू आणि सॉर्मियू मार्सेयच्या बाजूला आहेत. एका दिवसात दोन्ही बाजू करायला जाऊ नका.

## टप्पा 1: महिना निवडा

आपल्याकडे डोंगर म्हटला की पावसाळा आठवतो. इथे गणित उलटं आहे. पाऊस मुख्यतः हिवाळ्याच्या अलीकडे-पलीकडे पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. चीड-पाइनची झाडं, वाळकी झुडपं आणि त्यावर सुटलेला वारा यांमुळे एका ठिणगीत डोंगर पेटतो. म्हणून 1 जून ते 30 सप्टेंबर या काळात डोंगरात जायचं की नाही, हे रोजच्या रोज सरकार ठरवतं.

चालणं हाच मुख्य हेतू असेल तर एप्रिलचा दुसरा पंधरवडा आणि मे उत्तम. मुलांच्या सुट्टीतही हे बसतं. मे महिन्यात पाणी मात्र गार असतं, पोहायला हिंमत लागते. पोहणं मुख्य असेल तर सप्टेंबर, कारण तोवर समुद्र तापलेला असतो आणि गर्दी ओसरलेली असते. जुलै-ऑगस्टमध्येच यायचं असेल तर किमान तीन दिवस हाताशी ठेवा. एकाच दिवसावर सगळं टांगून ठेवू नका.

## टप्पा 2: आदल्या संध्याकाळची तपासणी

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका हाच वगळला जातो. तासाभराचंही काम नाही, पण सकाळी उठून करण्यासारखं नाही.

1. डोंगराचा रंग पाहा. जून ते सप्टेंबर या काळात दुसऱ्या दिवसाचा नकाशा आदल्या संध्याकाळी जाहीर होतो. प्रत्येक डोंगररांगेला रंग दिलेला असतो. लाल म्हणजे बंद: पायी, सायकलने, कसंही नाही. राष्ट्रीय उद्यानाचं 'मे कालांक' (Mes Calanques) हे मोफत ॲप फोनमध्ये घेऊन ठेवा, त्यात हे दिसतं. ॲपमध्ये शेजारच्या दुसऱ्या रांगेचा रंग पाहून निघालेले लोकही मी पाहिले आहेत, तेव्हा नाव नीट वाचा.

2. वारा पाहा. पाऊस किती टक्के, हे इथे दुय्यम. वायव्येकडून येणारा 'मिस्त्राल' नावाचा वारा या किनाऱ्याचा मालक आहे. तो सुटला की आकाश निळंशार, ऊन स्वच्छ, आणि नवख्या माणसाला वाटतं, काय सुंदर दिवस! पण याच दिवशी आगीचा धोका वाढतो, बोटी रद्द होतात आणि कड्यावर उभं राहणं कठीण होतं. पूर्वेचा वारा असेल तर ढग येतात आणि लाटा खाड्यांच्या तोंडातून आत शिरतात. अंदाज पाहताना वाऱ्याच्या सरासरी वेगावर थांबू नका, झोतांचा वेग पाहा. झोत ताशी 50 किलोमीटरच्या पुढे दाखवत असतील तर मी कड्याच्या कडेची वाट आणि कयाक (वल्ह्याची छोटी होडी) दोन्ही सोडून देते.

3. स्युजितोंचा परवाना. मार्सेयच्या बाजूची स्युजितों ही खाडी उन्हाळ्यात गर्दीने झिजू लागली. पायांखालची माती वाहून गेली, झाडांची मुळं उघडी पडली. म्हणून 2022 पासून उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवशी तिथे रोज 400 जणांनाच उतरू देतात. नोंदणी मोफत आहे, राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावर होते आणि भेटीच्या दिवसाच्या जरा आधी उघडते. महिनाभर आधी जागा धरून ठेवता येत नाही. मिळालेला क्यूआर कोड फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण खाली नेटवर्कचा भरवसा नाही. ओळखपत्रही जवळ हवं. नोंदणी कोणत्या तारखांना लागते, ते दरवर्षी नव्याने जाहीर होतं, तेव्हा त्याच वर्षीचं पान वाचा.

4. तीन बेत लिहून ठेवा. पहिला: डोंगर उघडा, वारा मंद, मग चालत जायचं. दुसरा: डोंगर बंद पण समुद्र शांत, मग कासी बंदरातून बोट. तिसरा: दोन्ही बंद, मग मार्सेय शहर. तिथे बंदरालगत मुसेम संग्रहालय आहे, आणि शेजारच्याच इमारतीत आदिमानवाची चित्रं असलेल्या कोस्केर गुहेची हुबेहूब प्रतिकृती 2022 पासून पाहायला मिळते. मूळ गुहेचं तोंड याच कालांकच्या किनाऱ्यावर पाण्याखाली 37 मीटरवर आहे, त्यामुळे तिथे तुम्हा-आम्हाला जाता येत नाही.

> तपासा: झोपण्याआधी घरातल्या प्रत्येकाला उद्याचा बेत आणि परत निघायची वेळ माहीत आहे का?

## टप्पा 3: पिशवी भरा

पाणी पहिलं. गडावर चालायची सवय असलेल्यांना वर पाण्याचं टाकं असेल असं मनात कुठेतरी वाटत असतं. आपला बेसॉल्टचा कातळ पाणी धरतो. चुनखडी धरत नाही. पडलेला पाऊस भेगांमधून थेट आत जातो आणि जमिनीखालून वाहत समुद्राला मिळतो. पोर-मियूच्या तळाशी तर गोड्या पाण्याची अशी नदीच समुद्रात फुटते. वर मात्र झरा नाही, विहीर नाही, कासीकडच्या पोर-पँ आणि आँ-वोत चहाची टपरीही नाही. माणशी दोन लिटर, उन्हाळ्यात तीन, आणि हे सगळं गावातच भरून घ्यायचं. लहान मुलाचं पाणी आईवडिलांनी उचलायचं आहे हे धरून वजन मोजा.

बूट दुसरे. इथल्या वाटा लाखो पायांनी घासून संगमरवरासारख्या गुळगुळीत झाल्या आहेत. कोरड्या उन्हातही त्यावर पाय सरकतो. सह्याद्रीतल्या खरबरीत काळ्या दगडावर जो बूट पकड घेतो, तो इथे घेईलच असं नाही. तळ झिजलेले बूट घरी ठेवा. चप्पल-सँडल तर नकोतच.

बाकी: टोपी, उन्हाचं मलम, लांब पँट (वाटेकडेचं बुटकं ओकचं झुडूप काटेरी पानांनी पोटऱ्या ओरबाडतं), पाण्यात घालायचे रबरी जोडे, भरलेली पॉवर बँक, उतरवून ठेवलेला नकाशा, कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी. खायला मी थालीपीठ किंवा दशम्या आणि लोणचं नेते. उन्हात खराब होत नाहीत आणि घामाने गेलेलं मीठ परत मिळतं. मेयोनेज लावलेलं सँडविच नेऊ नका.

शेंगेन व्हिसासाठी काढलेला प्रवास विमा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्यात डोंगर चालणं आणि कयाक धरलं आहे का, ते आधी वाचून घ्या.

> इशारा: डोंगरात सिगारेट, काडेपेटी, छोटा गॅस-स्टोव्ह, तंबू आणि ड्रोन यांना मनाई आहे. चहा थर्मासमध्ये न्या.

## टप्पा 4: वाटेच्या तोंडापर्यंत पोचा

मार्सेयच्या सें-शार्ल स्टेशनवरून कासीला जाणारी गाडी साधारण 25 मिनिटांत पोचते. इथे दुसरी मोठी गफलत होते: कासी स्टेशन गावात नाही. बंदरापासून ते तीन किलोमीटरहून जास्त लांब, वर आहे. खाली जाणारी बस आहे, पण ती चुकली तर डांबरी रस्त्याने पाऊण तासाची तंगडतोड होते. गाडीची वेळ आणि बसची वेळ एकत्र जुळवून घ्या, येतानाची आणि जातानाचीही.

स्वतःची गाडी असेल तर गावात घुसू नका. उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर वाहनतळ भरतात. गावाबाहेर गोर्गेत नावाच्या तळावर गाडी लावून तिथली बस घेणं सोपं पडतं.

स्युजितोंसाठी मार्सेयच्या कास्तेलान मेट्रो स्थानकावरून ल्युमिनी विद्यापीठाकडे जाणारी बी-वन बस घ्या आणि शेवटच्या थांब्यावर उतरा. सॉर्मियू आणि मॉर्जियूला जाणारे रस्ते उन्हाळ्यात बाहेरच्या गाड्यांना बंद असतात, हे भाड्याची गाडी घेणाऱ्यांना उशिरा कळतं.

## टप्पा 5: चालायला लागा (कासी ते आँ-वो)

पहिल्यांदा येणाऱ्याला मी हीच वाट सुचवते, कारण ती टप्प्याटप्प्याने अवघड होते आणि कुठूनही मागे फिरता येतं. सकाळी आठच्या आत बंदर सोडा.

1. बंदर ते पोर-मियू, अर्धा तास. बेस्तुआँ किनाऱ्यावरून वस्तीतून चढत जायचं. पोर-मियू म्हणजे एक किलोमीटरहून लांब, नदीसारखी खाडी, दोन्ही काठांना शिडाच्या बोटी बांधलेल्या. खाडीच्या कडेने रुंद वाट आहे. म्हातारी माणसं आणि छोटी मुलं बरोबर असतील तर इथपर्यंत येणंही पुरेसं आहे.

2. पोर-मियू ते पोर-पँ, आणखी अर्धा तास. खडकाळ चढ-उतार, पण सोपा. नावाप्रमाणे ('पँ' म्हणजे पाइन) इथे पाइनची झाडं पाण्यापर्यंत उतरली आहेत. कुटुंबाने पोहायला, बसायला हीच जागा उत्तम. वाटेवर सावली आहे ती इथेच.

> तपासा: पोर-पँला थांबून पाण्याच्या बाटल्या पाहा. अर्ध्याहून जास्त पाणी शिल्लक नसेल तर पुढे जाऊ नका.

3. पोर-पँ ते आँ-वो, पाऊण ते एक तास. इथून खेळ बदलतो. आधी उभा चढ, वर उघडं पठार, आणि मग आँ-वोच्या घळीत उतरणारा घसारा.

हा उतार नीट समजून घ्या, कारण बहुतेक घोटे इथे मुरगळतात. वाट दगडी नाळेसारखी आहे. मधोमध गुळगुळीत झालेला पांढरा कातळ आणि त्यावर बोराएवढे सुटे खडे. पाऊल कातळावर पडतं, पण खाली खडे असतात आणि ते गोट्यांसारखे फिरतात. चेहरा दरीकडे ठेवून ताठ उतरू नका. गुडघे वाकवा, थोडं आडवं व्हा, पाऊल छोटं ठेवा. कडेचे खरबरीत कंगोरे शोधा, कारण तिथे पाय कमी पडलेले असतात. दोन्ही हात मोकळे हवेत, फोन खिशात. माणसामाणसांत अंतर ठेवा, म्हणजे वरच्याच्या पायाचा दगड खालच्याच्या डोक्यात बसणार नाही. बसून घसरत उतरावं लागलं तरी लाज वाटून घेऊ नका, मीही तो मधला टप्पा बसूनच उतरते.

खाली पोचलं की घळीचा सपाट तळ लागतो आणि थोड्याच वेळात दोन कड्यांच्या मध्ये हिरवंनिळं पाणी उघडतं. किनारा बारीक गोट्यांचा आणि लहान आहे. अकरानंतर बसायला जागा मिळत नाही.

वाटेच्या खुणा: लाल-पांढरे दोन आडवे पट्टे म्हणजे लांब पल्ल्याची मुख्य वाट. याच दोन रंगांची फुली दिसली तर चुकीच्या दिशेला लागलात, मागे फिरा. इतर वाटांना एकेका रंगाची खूण आहे. पुढच्या माणसाच्या मागे जाऊ नका, तोही तुमच्यासारखाच पाहुणा असतो. या डोंगरात कडे चढणारे गिर्यारोहकही असतात, आणि त्यांच्या पाऊलवाटा कड्याच्या पायथ्याशी संपतात.

4. परतीची वेळ. आँ-वोहून परत येताना सुरुवातीलाच तो घसारा चढायचा असतो, तोही भर उन्हात, पोहून दमल्यावर. पांढरा दगड ऊन खालूनही परत फेकतो. म्हणून उन्हाळ्यात एक तर साडेअकराच्या आत चढायला लागा, किंवा साडेचारनंतर. जूनच्या शेवटी रात्री नऊनंतरही उजेड असतो, तेव्हा अंधाराची घाई नाही. घाई असते ती शेवटच्या बसची.

## टप्पा 6: पाण्यात उतरा

कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेला माणूस पाण्याजवळ गेला की भरती-ओहोटी विचारतो. इथे भूमध्य समुद्रात ती जवळपास नाहीच, पाणी दिवसभर एकाच रेषेवर राहतं. त्यामुळे लोक निर्धास्त होतात. धोका वेगळीकडे आहे.

एक तर गारवा. मिस्त्राल दोन-तीन दिवस वाहिला की तो वरचं तापलेलं पाणी समुद्रात ढकलतो आणि खालचं थंडगार पाणी किनाऱ्याशी वर येतं. परवापर्यंत 23-24 अंशांचं पाणी 15-16 वर आलेलं असतं. ऐन जुलैत, अंगाची लाही होत असताना मी पोर-पँला सरळ उडी घेतली होती. छातीत श्वास अडकला, तोंडातून आवाज निघेना, हात आपोआप कडेचा दगड शोधायला लागले. तेव्हापासून नियम ठेवला आहे: आधी घोट्यापर्यंत, मग मान आणि मनगटं भिजवायची, दोन मिनिटं थांबायचं, मग पोहायचं.

दुसरं, कड्यावरून उड्या. तिथली पोरं मारतात म्हणून आपण मारू नये. पाणी इतकं स्वच्छ असतं की तळाचा अंदाज चुकतो. दरवर्षी लोक पाठीचे मणके मोडून घेतात.

तिसरं, जेलीफिश. गुलाबी-जांभळ्या रंगाच्या छोट्या छत्र्या दिसल्या तर बाहेर या. डंख झालाच तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोडं पाणी लावू नका, चोळू नका. खडकांवर काळे समुद्री साळिंदरही असतात, रबरी जोडे त्यासाठीच आणले आहेत.

> इशारा: या खाड्यांमध्ये जीवरक्षक नसतो. पोहता न येणाऱ्यांनी आणि मुलांनी कासी गावातल्या किनाऱ्यावर पोहावं, तिथे उन्हाळ्यात जीवरक्षक असतात.

## टप्पा 7: बोट की कयाक

चालणं झेपणार नसेल तर कासी बंदरातल्या तिकीटखिडकीवरून बोट घ्या. तीन, पाच किंवा आठ खाड्या अशा फेऱ्या असतात, तीनची फेरी साधारण पाऊण तासाची. ही बोट खाडीत फिरवून आणते, उतरवत नाही. 'बोटीने जाऊ आणि चालत येऊ' असा बेत करून आलेले अनेक जण बंदरावरच हिरमुसतात. जाताना उजव्या बाजूला बसा, कडे त्या बाजूला येतात.

कयाक अर्ध्या दिवसासाठी भाड्याने मिळते. सकाळची घ्या, दुपारी वारा वाढतो. यातला फसवा भाग असा: मिस्त्राल जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणून कड्याच्या आडोशाला पाणी आरशासारखं शांत दिसतं. तिथून पन्नास-शंभर मीटर बाहेर गेलात की वारा पाठीत बसतो आणि आत यायला हात पुरत नाहीत. किनारा सोडू नका, टोकाच्या पुढे जाण्याआधी थांबून पाण्यावरच्या सुरकुत्या पाहा, आणि लाइफ जॅकेट काढून मागे ठेवू नका.

## टप्पा 8: संध्याकाळी काप कानाय

अंगात जोर उरला असेल, गाडी असेल आणि वारा नसेल तरच. कासीच्या पूर्वेला हा तांबूस सुळका उभा आहे. पुढची रांग 394 मीटरपर्यंत चढते आणि फ्रान्समधले सर्वांत उंच समुद्रकडे इथेच आहेत. कासी ते ला सियोता असा माथ्यावरचा रस्ता आहे, वारा जोराचा असला की तो बंद करतात. खडक चुनखडीचा नाही, वाळू आणि गोटे चिकटून बनलेला आहे, आणि कडेला निसटतो. कठडा नसलेल्या जागी कडेपासून दोन माणसांचं अंतर ठेवा, फोटोसाठी पाठ दरीकडे करू नका.

गाडी नसेल तर वर जाऊ नका. बंदराच्या धक्क्यावर बसा, मावळतं ऊन या कड्यावर समोरून पडतं आणि तो केशरी होतो.

## अडचण आलीच तर

112 हा सगळ्यांसाठीचा क्रमांक, समुद्रातल्या संकटासाठी 196. बोलताना आधी खाडीचं नाव सांगा, मग ॲपमधले अक्षांश-रेखांश, मग काय झालं ते. खाली नेटवर्क नसेल तर जखमी माणसाजवळ एकाला ठेवून दुसऱ्याने पठारावर चढून फोन करावा. धूर दिसला तर फोटो काढत थांबू नका. वाऱ्याची दिशा पाहा, धुरापासून लांब निघा आणि 112 ला कळवा, दुसऱ्या कुणीतरी कळवलं असेल असं धरू नका.

पहारेकऱ्याने परत पाठवलं तर वाद घालू नका, आडवाटेने शिरू नका. दुसऱ्या बेताचा कागद काढा आणि सरळ बंदराकडे वळा, सकाळच्या बोटींना जागा लवकर भरतात.